दोन सूर्यांचा फोटो

आमच्या सोसायटीतले टिपणीसकाका माणसांना टाळूवरून ओळखतात. चेहऱ्यावरून ओळखायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. ते चौथ्या मजल्यावर एकटेच राहतात, त्यांची गॅलरी बरोबर फाटकावर येते, आणि सकाळी साडेसहापासून ते तिथे उभे असतात. येणाऱ्याजाणाऱ्याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते, पण ती अशी : "तो मध्ये रुपयाएवढं टक्कल, भांग उजवीकडे, तो काल पिशवी न घेताच बाजारात गेला." मग आपण डोकं खाजवायचं आणि ओळखायचं, की हे दुसऱ्या मजल्यावरच्या शेट्यांबद्दल चाललंय. शेट्ये आमचे चेअरमन. आपल्याला टक्कल पडायला लागलंय ही बातमी त्यांना काकांकडूनच कळली, आणि तेव्हापासून ते फाटकातून टोपी घालून जातात.

माझ्या हनुवटीवर वाटाण्याएवढा काळा तीळ आहे. शाळेपासून अर्धं पनवेल मला 'तीळवाली शलाका' म्हणतं. काकांच्या लेखी मात्र मी सात वर्षं मधला भांग आणि डावीकडे भोवरा एवढीच आहे. एकदा मी केस बारीक कापून आले, तर त्यांनी मला जिन्यात अडवलं आणि कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं तेव्हा बिचारे ओशाळले. म्हणाले, "अगं, मग आधी मान खाली घालायचीस ना."

त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ पुढे माझ्यावर खरोखरच आली. ते सांगणं अजून जड जातं, म्हणून आधी काकांबद्दलच सांगते.

काका शहरांचे आराखडे करणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होते. खाडीपलीकडचं नवं शहर तेव्हा कागदावरसुद्धा धड उतरलं नव्हतं. विमानातून काढलेले काळेपांढरे फोटो यायचे, शाळेच्या पाटीएवढे. तेवीस वर्षांचे काका दिवसभर एका दोन पायांच्या चष्म्यात डोळे घालून बसायचे. हा चष्मा टेबलावर उभा राहतो. एकाच जागेचे किंचित अंतरावरून काढलेले दोन फोटो त्याच्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे आणि वरून बघायचं. मग टेकडी वर येते, विहीर खोल जाते, झाड खोडासकट उभं राहतं. काकांचं काम हे सगळं बघून ट्रेसिंगच्या कागदावर लिहिण्याचं. हे भातखाचर, हे मिठागर, ही वस्ती, हा ओढा. पनवेलपासून उरणपर्यंतची सगळी जमीन त्यांनी अशी मान वाकवून वाचली आहे. त्या जमिनीवर पुढे काय काय उभं राहिलं याच्याशी त्यांनी फारसा संबंध ठेवला नाही. अजूनही ते रिक्षावाल्याला "मिठागराच्या बांधावर सोड" म्हणतात आणि मॉलसमोर उतरतात.

त्या नोकरीतून त्यांनी दोन वाक्यं घरी आणली. पहिलं, "सावली काय म्हणते?" वरून काढलेल्या फोटोत उंची दिसत नाही, ती सावलीवरून काढायची असते. शेट्यांच्या मुलीला बघायला एक मुलगा आला होता. बायोडेटात उंची पाच फूट दहा. काकांनी गॅलरीतून त्याची फाटकातली सावली बघितली, घड्याळ बघितलं, आणि जिन्यातच शेट्यांच्या कानात सांगितलं की पाच सहाच्या वर जात नाही. शेट्ये चिडले. नंतर हळदीच्या दिवशी कुणीतरी थट्टेत दाराला खूण करून मोजलं, तर नवरदेव बरोबर पाच सहा भरला. लग्न झालं, संसार सुखाचा आहे, पण ते जावई अजून आमच्या फाटकातून छत्री उघडून आत येतात.

दुसरं वाक्य, "जाऊन बघून आलात का?" हे मात्र ते गमतीत म्हणत नाहीत. 'पडीक' हा शब्द कानावर पडला की काकांना बसवत नाही. सोसायटीच्या सभेत शेट्ये एकदा म्हणाले, की मागचा तुकडा नुसता पडीक आहे, तिथे पार्किंग करू. काका उठून उभे राहिले. "जाऊन बघून आलात का?" त्यांनी विचारलं, आणि सभा तिथेच थांबवून सगळ्या कमिटीला मागच्या बाजूला नेलं. तिथे खडीत टिटवीची चार अंडी निघाली. टिटवी कमिटीच्या डोक्यावर ओरडत फिरत होती. पिल्लं उडेपर्यंत पार्किंगचा ठराव पुढे ढकलावा लागला.

आणि ती लाल चादर. दिवाळी उलटली, आकाश निवळलं, की काका रोज सकाळी गच्चीवर एक लाल चादर पसरतात आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवतात. विमान गेलं की स्वतःही तिच्या शेजारी उभे राहतात, हात अंगापासून जरा दूर धरून, म्हणजे सावली सुटी पडते. हल्ली विमानतळामुळे विमानं एवढी जातात, की काकांचा अर्धा दिवस गच्चीवरच जातो. गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, अशी नोटीस लागली तेव्हा काकांनी तिच्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'वाळत घातलेलं कापड हा घरी माणूस असल्याचा पुरावा आहे. तो नष्ट करण्याचा अधिकार कमिटीला नाही.' आम्ही सगळे खूप हसलो. मी त्या नोटिशीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला होता. पुरावा कुणाला द्यायचाय, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

माझा धंदा फोटोचा. वडिलांचा तळ्याजवळ स्टुडिओ होता, पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो. मी त्यात ड्रोन आणला. सुरुवातीला लग्नं, मग बिल्डर. पनवेलच्या आसपास आता डोंगर कमी आणि बिल्डर जास्त आहेत, त्यामुळे काम भरपूर. पहिला ड्रोन घेतला तेव्हा मी काकांना गच्चीवर नेऊन कौतुकानं दाखवला. साऱ्या गावाचा फोटो पडद्यावर आला. काकांनी तो नीट बघितला आणि विचारलं, "याची जोडी कुठाय?" एका फोटोवर त्यांचा विश्वास नाही. एका डोळ्यानं बघितलेलं खरं धरू नये, असं त्यांचं म्हणणं. तरीही त्या दिवसापासून ते मला 'पायलट' म्हणायला लागले आणि मी त्यांच्या मर्जीतली झाले. एका लग्नात त्यांनी माझ्या ड्रोनखाली उभ्या असलेल्या सगळ्या वऱ्हाडाला दम भरला, की कुणीही वर बघायचं नाही, टाळू दिसली पाहिजे. त्या अल्बममध्ये नवरानवरीसकट सगळे शोकसभेला आल्यासारखे दिसतात.

गेल्या श्रावणात काका माझ्या स्टुडिओत आले. हातात ट्रेसिंगची लांब गुंडाळी. त्यांनी ती माझ्या टेबलावर पसरली, एका बाजूला माझा मोबाइल आणि दुसऱ्या बाजूला स्टेपलर ठेवून. कोनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची एक वाडी आहे, टेपाची वाडी. पंधरा घरं. बाजूनं ओढा जातो तो कोयत्यासारखा वळतो. वाडी तिथे कित्येक पिढ्या आहे, पण सरकारी नकाशात त्या जागी वाडी नाही. त्यामुळे घरांची नोंद नाही, आणि आता आजूबाजूच्या जमिनी विकल्या जात असताना कुणीही येऊन उठा म्हणू शकतं. अर्ज केला, तर कचेरीतून उत्तर आलं की नकाशात काही दिसत नाही. तेव्हा वरून फोटो काढायचा, जोडफोटो, आणि तोही माणसं घरी असताना. दिवाळी झाली की सगळी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, मग नुसती बंद घरं दिसतात. काकांनी लाल पेन्सिलीनं वाडीभोवती गोल केला.

हे सगळं त्यांनी मला नीट सांगितलं. मी ते कसं ऐकलं, तेही सांगते. मोबाइल गुंडाळीवर होता आणि त्यावर एका गिऱ्हाइकाचे मेसेज येत होते, माझं लक्ष तिकडे. मी म्हटलं, पावसात ड्रोन उडत नाही काका, उघडीप झाली की जाऊ. उघडीप झाली तेव्हा गणपती होते. मग परवानगीची भानगड होती. मग नवरात्र, मग दिवाळीच्या ऑर्डरी. काका जिन्यात भेटले की नुसतं आकाशाकडे बघायचे, विचारायचे नाहीत. दिवाळीनंतर एकदा ते हळूच म्हणाले, "गेले गं सगळे भट्टीवर." मी पुढच्या वर्षी नक्की म्हटलं आणि स्कूटर चालू केली.

जानेवारीत मला मोठं काम मिळालं. कोनच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी गृहप्रकल्प येणार होता. नाव इंग्रजी होतं, आणि त्याचा उच्चार त्यांच्या सेल्समनलाही नक्की येत नव्हता. सगळ्या परवानग्या त्यांनीच आणल्या. मी सकाळी ड्रोन उडवला, उन्हं कोवळी होती, फोटो फार सुरेख आला. मागे डोंगर, पुढे मोकळी जमीन, आणि उजव्या कोपऱ्यात निळी प्लास्टिकं घातलेली काही छपरं. त्यांच्या ऑफिसातून फोन आला, की मॅडम, ते निळं तेवढं काढा, हिरवं करा.

आम्ही हे रोज करतो. विजेची तार काढतो, उकिरडा काढतो, तळोज्याच्या बाजूचा धूर काढतो. शेजारच्या झाडीचा तुकडा उचलायचा आणि नको असलेल्यावर ठेवायचा. तोच तुकडा दोनतीनदा आला तर नक्कल कळते, म्हणून तो फिरवून उलटा ठेवायचा. ही युक्ती मी स्वतःच शोधली होती आणि मला तिचा अभिमान होता.

चहा पीत पीत मी छपरं पुसायला लागले. चारपाच पुसली, आणि मला ओढा दिसला. कोयत्यासारखा वळलेला. मी तो ओळखला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला अगदी स्पष्ट कळलं, की ही काकांची वाडी आहे, जिचा फोटो काढायचा मी शब्द दिला होता तीच. माझा हात थांबला. किती वेळ थांबला म्हणाल, तर चहाचे दोन घोट. मग मी स्वतःशी म्हटलं, हा तर नुसता जाहिरातीचा फोटो आहे, खरी घरं कुठे पडतायत. आणि उरलेली दहा घरं पुसून टाकली. सगळ्या कामाला वीस मिनिटं लागली. फाइल पाठवल्यावर त्यांच्याकडून अंगठा आला, आणि मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

महिन्याभरात तो फोटो हायवेवर लागला, घराएवढा मोठा. खाली लिहिलं होतं, 'जिथे फक्त निसर्ग राहतो.' मी त्या बाजूनं जायचं टाळू लागले. काका मात्र एका रविवारी मुलीकडे जायला निघाले आणि त्यांची एसटी ट्रॅफिकमध्ये नेमकी त्या फोटोसमोर अर्धा तास उभी राहिली. ते मुलीकडे गेलेच नाहीत. मधेच उतरून परत आले. संध्याकाळी मला त्यांनी वर बोलावलं.

मी सात वर्षांत त्यांच्या घरात तीनचारदाच गेले असेन. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो आहे. एक नाही, दोन, शेजारी शेजारी. मला आधी वाटायचं, की म्हातारपणी विसरून दोनदा फ्रेम केला असेल, आणि तेही सांगून मी मैत्रिणींना हसवलं होतं. त्या दिवशी टेबलावर दोन पायांचा चष्मा उभा होता आणि त्याच्याखाली त्याच फोटोंच्या दोन लहान प्रती होत्या. काका स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले तेव्हा मी डोळे लावले. काकू एकदम कागदातून उठून बसल्या. नाकातली मोरणी, कपाळावरची बट, सगळं पुढे आलं. वाटलं, बोलतील. मी चटकन बाजूला झाले.

काकांनी प्रकल्पाचं माहितीपत्रक आणलं होतं, तोच फोटो छापलेलं. त्यांनी त्यावर भिंग ठेवलं आणि मला बघायला सांगितलं.

"पायलट, सावली काय म्हणते?"

मला दिसलं होतं.

"इकडची झाडं सकाळची आहेत. सावल्या पश्चिमेला पडल्यात," काका म्हणाले. "या कोपऱ्यातली झाडं संध्याकाळची आहेत. या फोटोत दोन सूर्य आहेत गं."

तुकडा फिरवून ठेवला की सावलीही फिरते. माझ्या युक्तीत एवढी साधी गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती, आणि इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी बघितलीही नव्हती. तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "कंपनीच्या डिझायनरनं केलं असेल काका. मला काही दाखवलं नाही त्यांनी."

काकांनी मान हलवली. भिंग पुसून डबीत ठेवलं. मग खुर्चीत बसले आणि स्वतःचीच गोष्ट सांगायला लागले, जणू मी काही बोललेच नव्हते.

विमानातून फोटो काढायचे ते थंडीत, कारण तेव्हा ढग नसतात. टेपाच्या वाडीचा फोटोही थंडीतलाच होता. वाडी भट्ट्यांवर गेलेली. तेव्हा छपरं गवताची असायची. जुनं गवत काढून टाकायचं आणि पावसाआधी परत येऊन नवं घालायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे काकांना चष्म्यातून नुसत्या कुडाच्या चौकटी दिसल्या, आणि एका चौकटीजवळ एक पांढरा ठिपका. साहेबांनी त्यांना विचारलं, सावली काय म्हणते? काकांनी बघितलं. ठिपक्याला सावली नव्हती. म्हणजे उंची नाही, म्हणजे खडक. त्यांनी लिहिलं, 'पडीक'.

"साहेब म्हणाले होते, शंका असली तर जाऊन बघून ये. कचेरीची सायकल होती. पण जेवायची वेळ झाली होती, आणि डब्यात त्या दिवशी बोंबलाचं कालवण होतं." काकांनी भिंगाची डबी बाजूला सरकवली. "तेवढ्यासाठी गेलो नाही."

निवृत्त झाल्यावर, जुन्या फोटोंची उजळणी करता करता, तो ठिपका त्यांना झोपू देईना. ते शोधत शोधत वाडीवर गेले. तिथे एक म्हातारी होती, ठकी नावाची. काकांनी तिला विचारलं, की फार वर्षांपूर्वी एक विमान इथून घिरट्या घालत होतं, आठवतं का. तिला आठवत होतं. छप्पर उतरवून झालं आणि ऐन निघताना मुलीला ताप आला, म्हणून त्या वर्षी तिला घेऊन ती एकटीच मागे राहिली होती. तिनं लुगडं धुऊन दगडावर पसरलं होतं. पसरलेल्या कापडाला सावली नसते. काकांनी तिचे शब्द तिच्याच बोलीत सांगितले.

"म्हणाली, मी तं घरानच होती, बाबा. इमान गेला तवा वर बघला पन मी."

मी त्यांच्या पायांकडे बघत बसले. त्यांची लाल चादर, ते हात दूर धरून उभं राहणं, ती नोटीस, सगळं मला एकदम कळलं, आणि त्यावर आम्ही किती हसलो होतो तेही आठवलं. काकांनी इतकी वर्षं एका चुकीची लाज बाळगली होती, जी त्यांनी न बघता केली. मी तेच बघून, ओळखून, चहा पीत केलं होतं. आणि वर खोटं बोलले होते.

"शिमग्याला येतात सगळे घरी," काका उठता उठता म्हणाले. "चारपाच दिवस असतात."

या वेळी मी सबब सांगितली नाही. परवानगीसाठी पाच खेपा घातल्या, दोन लग्नं सोडली. होळीच्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. ड्रोनची पेटी माझ्या पायांत, काका मागे, त्यांच्या हातात ट्रेसिंगची गुंडाळी भाल्यासारखी उभी. हायवेवर तो फोटो आला तेव्हा मी समोर बघत राहिले. काका वळून बघत राहिले असावेत, कारण गुंडाळी माझ्या हेल्मेटवर आपटली.

वाडी गजबजलेली होती. पोरं अंगणात, बाया होळीसाठी जमीन सारवतायत, गडी लाकडं रचतायत. काकांना सगळे ओळखत होते, आणि काका सगळ्यांना, टाळूवरून. "तो दोन भोवऱ्यांचा कुठाय?" त्यांनी विचारलं, तर बारकूभाऊ पुढे आला. तोच अर्जावर पहिली सही करणारा. तो मला म्हणाला, "आमी हाय तवर काढून घ्या, बाय. चार दिसांनी भट्टीचा टेम्पो येतो, मंग आमी नाय."

काकांनी नऊ वाजेपर्यंत थांबवलं. बाराच्या उन्हात माणसाला सावली नसते, म्हणजे फोटोत तो नसतोच, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक घरापुढे त्या घरची माणसं उभी केली, हात अंगापासून दूर. बायकांना धुतलेली लुगडी कुडावर टाकायला लावली. कुणीतरी विचारलं, वर बघायचं का खाली. मला ते लग्न आठवलं. पण काका म्हणाले, की वर बघा, खुशाल बघा, आज बघणारं माणूस आहे.

मी ड्रोन वर नेला. पडद्यावर घरं मोजली, चौदा भरली. पंधरावं ठकीचं होतं. ती चार वर्षांपूर्वी गेली, आता नुसतं जोतं उरलंय, बाजूला एक सपाट दगड. काका तिथे एकटेच वाकलेले दिसले. पिशवीतून त्यांनी नवं कोरं पांढरं लुगडं काढलं, दगडावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग माझ्याकडे चालत आले, पडद्यात डोकावले.

"हे मात्र पुसू नकोस हं," ते म्हणाले.

रागानं नाही, टोचूनही नाही. भाजी आणताना कोथिंबीर विसरू नको म्हणावं, तसं. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, कुणी पुसलं ते. मी "हो" म्हटलं. जोडीचा दुसरा फोटो मला तीनदा काढावा लागला.

पुढच्या आठवड्यात आम्ही फोटो घेऊन कचेरीत गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, एकच फोटो दोनदा कशाला जोडलाय. काकांनी खिडकीतच दोन पायांचा चष्मा उभा केला. साहेबांनी नाखुशीनं डोळे लावले आणि बराच वेळ काढले नाहीत. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं, त्यांनी बघितलं, मग शिपायानं. चौदा घरं त्या सरकारी टेबलावर उभी राहिली होती. साहेबांनी पेन घेतलं आणि मग एका ठिपक्यावर टेकवलं.

"हा पांढरा डाग कसला? प्रिंट खराब आलीय का?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांनी खिडकीचा गज धरला. एवढी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं, तो समोर आला आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

"डाग नाही तो," मी म्हटलं. "लुगडं वाळत घातलंय. त्या घरी माणूस होतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, परत चष्म्यात बघितलं. जुना नकाशा मागवला, तिथला शब्द वाचला. शेवटी अर्जावर शिक्का मारून म्हणाले, की हे टेबलावर बसून ठरायचं नाही, पुढच्या मंगळवारी प्रत्यक्ष जाऊन बघायला लागेल. काकांनी गज सोडला नाही. साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली तेव्हा मी त्यांची बोटं सोडवली.

बाहेर पायऱ्यांवर काका बसले. मी एक पायरी खाली उभी राहिले. आता सांगायचंच असं ठरवून मी म्हटलं, "काका, ते डिझायनर वगैरे कुणी नव्हतं. मीच..."

काका माझ्याकडे बघत होते. डोळे बारीक करून, अगदी जवळून, चष्म्याखालचा फोटो वाचावा तसे. असं त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं.

"तुझ्या हनुवटीवर तीळ आहे होय?" त्यांनी विचारलं.

"जन्मापासून आहे काका," मी म्हटलं. त्यांना तो नीट दिसावा म्हणून मान वर धरायला हवी होती, पण मला ती वर धरवेना.